संयुक्त कॅन्सर क्लिनिकमध्ये गेलं तर उपचार खरंच लवकर सुरू होतात का?

डिचोलीच्या एका भाच्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मावशीचं वय 54. डाव्या स्तनात गाठ. दीड महिन्यात तीन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सुई टाकून तपासणी झाली, रिपोर्टात ‘संशयास्पद पेशी’ असं आलं. एक डॉक्टर म्हणतात आधी ऑपरेशन, दुसरे म्हणतात आधी केमो. शेजारीपाजारी म्हणतात थेट टाटाला न्या. कुणीतरी सांगितलं, सगळे तज्ज्ञ एकत्र बसतात अशा क्लिनिकमध्ये दाखवा, लवकर होईल. तर खरंच लवकर होतं, की ती आणखी एक मीटिंग?

मी कॅन्सरची सर्जन. गोव्यात वीसेक वर्षं काम करते, त्यातली बरीच वर्षं दर आठवड्याला अशा क्लिनिकमध्ये बसते. लवकर होतं, हे खरं. पण टेबलाभोवती पाच डॉक्टर जमले म्हणून ते होत नाही. त्या टेबलापाशी पोचायच्या आधीच तीन-चार कामं एकाच वेळी सुरू झालेली असतात, आणि उठताना तुमच्या हातात पुढची तारीख असते, म्हणून होतं. या दोन गोष्टी नसतील तर ती खरोखरच आणखी एक मीटिंग. कधीकधी तिच्यापायी उशीरच होतो, तेही पुढे सांगते.

आधी दिवस कुठे जातात ते बघा. आमचं क्लिनिक सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. सत्तरी तालुक्यातल्या एक बाई, काजूच्या बागायतीत कामाला जाणाऱ्या. चतुर्थीच्या तोंडावर, घरात माटोळीची तयारी चालू असताना, न्हाताना गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून चवथ होऊ दे म्हणाल्या. त्यात पंधरा दिवस. मग जवळच्या डॉक्टरांकडे. त्यांनी सात दिवस अँटिबायोटिक दिलं. मग सोनोग्राफीचा नंबर. मग बारीक सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी. तिच्यात ‘कॅन्सरच्या पेशी दिसतात’ एवढंच कळलं, कारण बारीक सुईत पेशी सुट्या येतात. गाठीचा प्रकार ठरवायला तुकडा लागतो, म्हणून परत ट्रू-कट बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढणं. तुकड्याचा रिपोर्ट आला, पण गाठीला कुठलं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या इआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या वेगळ्या सांगाव्या लागतात, हे मुलगा रिपोर्ट घ्यायला गेला तेव्हा कळलं. मग त्या. मग माझ्याकडे. गाठ मोठी होती, काखेत गाठी होत्या, मी म्हटलं आधी केमो. केमोच्या डॉक्टरांनी केमोआधी हृदयाचा इको मागितला, आणि ते बरोबरच होतं. इकोचा नंबर पुढच्या आठवड्यात. तोवर दीनदयाळ कार्डाची, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य योजनेच्या कार्डाची, मुदत संपल्याचं लक्षात आलं. तुळशीच्या लग्नाला त्यांना पहिली सलाईन चढली.

नंतर मी त्यांच्या फायलीतल्या तारखा एका कागदावर मांडल्या. बघताना लाज वाटली, कारण बोट दाखवायला कुणीच सापडेना. प्रत्येक डॉक्टरने आपलं काम बाई समोर आल्या त्याच दिवशी केलं होतं. वेळ गेला तो एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत जाताना. आणि त्या मधल्या वाटेवर बाईंसोबत होता फक्त त्यांचा मुलगा, ज्याला कुठली तपासणी कशासाठी हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता तीच बाई आमच्या आजच्या पद्धतीत कशी येते? गाठ तपासून सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी शक्यतो त्याच सकाळी. एफएनएसी गाळायची, थेट ट्रू-कट. पॅथॉलॉजीच्या अर्जावर आम्ही आधीच लिहून देतो: कॅन्सर निघाला तर इआर, पीआर, हर-टू लगेच करा, आम्हाला विचारायला थांबू नका. रिपोर्ट यायला जे आठ-दहा दिवस लागतात, त्या दिवसांत रक्त, इको, साखर आणि दातांची तपासणी उरकायची, कार्डाचे कागद पुरे करायचे. म्हणजे रिपोर्ट आला त्या आठवड्यातच फाईल टेबलावर, आणि बाई समोर खुर्चीत. केमो ठरली तर पहिल्या डोसचा दिवस तिथेच लिहून मिळतो. यात नवीन मशीन नाही की नवीन औषध नाही. एकामागून एक चालणारी कामं एकाच वेळी चालवली, इतकंच.

उशिराने किती बिघडतं, हे आकड्यात सांगते, पण घाबरवायला नव्हे. 2020 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सात प्रकारच्या कॅन्सरांवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला. उपचाराला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण 6 ते 13 टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे दीड महिना ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पण नीट तपासणीत गेलेले दोन आठवडे वाया गेले असंही समजू नका. घाईघाईने गाठ काढून मोकळं होण्याचा जो सल्ला मिळतो, त्यानेच मी जास्त नुकसान पाहिलंय. ‘गाठ काढून पाठवली’ अशी चिठ्ठी घेऊन बाई येते, चीर नको तिथे दिलेली असते, कडेला कॅन्सर उरलेला असतो, आणि केमोने गाठ किती विरघळते हे बघायची संधी कायमची गेलेली असते. मग दुसरं ऑपरेशन, दुसरी जखम, आणखी महिना.

परदेशातलं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो परिसरात 1995 मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी अशी एकत्रित टीम सुरू झाली, शेजारच्या भागांत ती नव्हती. 2012 मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की टीम असलेल्या भागात पाच वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू 18 टक्क्यांनी कमी होते. तिथे केवळ वेग वाढला असं नाही, ऑपरेशन कुणी करायचं आणि नंतर काय द्यायचं यालाही शिस्त आली. डेन्मार्कने 2008 च्या सुमारास प्रत्येक कॅन्सरसाठी तपासणीपासून उपचारापर्यंतच्या टप्प्यांना दिवस नेमून दिले. इंग्लंडमध्ये तातडीच्या चिठ्ठीपासून पहिल्या उपचारापर्यंत 62 दिवसांची मर्यादा धरतात, आणि ती अनेकदा पाळली जात नाही म्हणून तिथे दरवर्षी ओरड होते. मला त्या ओरडीचाच हेवा वाटतो. दिवस कुणीतरी मोजतंय, म्हणून तर ओरड.

आता एका बाटलीबद्दल सांगते. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण गोव्यातल्या माझ्या अनुभवात यंत्रांच्या रांगेइतकेच दिवस या बाटलीने खाल्ले आहेत. बायोप्सीची बंदूक ‘टक्’ करून वाजते, स्टेपलरसारखी, आणि सुईत येतो शेवईच्या तुकड्यासारखा पांढुरका धागा. असे चार-पाच घ्यायचे. बाटलीत सोडल्यावर तुकडा तरंगतो की बुडतो ते मी बघते. नुसती चरबी असेल तर तरंगतो, गाठीचा असेल तर बहुधा तळाशी जातो. या बाटलीत हवं 10 टक्के बफर्ड फॉर्मालिन, तुकड्याच्या निदान दहापट. हर-टू आणि इआरचा निकाल भरवशाचा यायचा तर तुकडा फॉर्मालिनमध्ये किमान 6 तास आणि जास्तीत जास्त 72 तास असावा. म्हणून लेबलवर तारीख पुरत नाही, वेळही लिहावी लागते.

एकदा एका छोट्या दवाखान्यातून एका मुलीने आईचा तुकडा आणला, औषधाच्या रिकाम्या बाटलीत, वर प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड. आत साधं सलाईन. शनिवारी काढलेला, सोमवारी आमच्याकडे. पॅथॉलॉजिस्टने हात टेकले. मुलगी म्हणाली, ‘पण मी तो फ्रीजमध्ये ठेवला होता, डॉक्टर.’ तिने आपल्या परीने जपलाच होता. परत बायोप्सी, परत दहा दिवस. त्यानंतर आम्ही जवळच्या दवाखान्यांना भरलेल्या बाटल्याच देऊ लागलो, लेबल चिकटवून, ‘किती वाजता?’ असा रकाना ठेवून. पॅथॉलॉजिस्ट दर आठवड्याला क्लिनिकमध्ये आमच्या शेजारी बसत नसते तर ही गोष्ट मला कधी कळली नसती. त्यांचे फक्त रिपोर्ट वाचले असते आणि ‘लॅबला उशीर होतो’ म्हणून कुरकुर केली असती.

शेजारी बसण्याचा फायदा हा असा असतो. दुसरा किस्सा दातांचा. पेडण्याकडचे एक ट्रकचालक, गालाच्या आत कॅन्सर, तंबाखूची जुनी सवय. आधी ऑपरेशन, मग रेडिएशन, हे ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सगळे पुढच्या फाईलकडे वळत होते, तेवढ्यात दंतवैद्य बाईंनी टॉर्च मारून खालच्या दोन हलत्या दाढा दाखवल्या. रेडिएशन झाल्यावर असे दात काढले तर जबड्याचं हाड सडू शकतं. आधी काढले तर जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि ऑपरेशननंतरचं रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. पूर्वी काय व्हायचं? टाके निघाले, घाव भरला, रेडिएशनच्या ओपीडीत गेले, तिथे कुणाला तरी दात दिसले, आणि घड्याळ परत शून्यावर. या वेळी दाढा त्याच भुलीत, त्याच ऑपरेशनमध्ये निघाल्या. रेडिएशन पाचव्या आठवड्यात सुरू झालं. गृहस्थ मला म्हणाले, ‘टॉर्च मारणाऱ्या मॅडमचीच फी जास्त लावा.’

स्तनाच्या बाबतीत असंच रेडिओलॉजिस्टचं आहे. केमोने गाठ इतकी विरते की पुढे ऑपरेशनच्या वेळी ती नेमकी कुठे होती ते सापडत नाही. म्हणून केमोआधी गाठीत धातूची बारीक क्लिप ठेवायची. रेडिओलॉजिस्ट खोलीत असतील तर हे त्याच दिवशी होतं. नसतील तर पहिला डोस होऊन गेल्यावर कुणाला तरी आठवतं. हर-टूचा निकाल अधलामधला, म्हणजे 2 प्लस आला तर फिश नावाची आणखी एक तपासणी लागते आणि तिला वेळ जातो. पण बऱ्याच जणींच्या केमोची पहिली औषधं फिशच्या निकालावर अवलंबून नसतात, त्यामुळे ती सुरू करून निकालाची वाट बघता येते. हा निर्णय केमोचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट दोन वाक्यांत घेतात. तोच चिठ्ठ्यांवरून घ्यायला दोन आठवडे जातात. कॅन्सर अंगात आणखी कुठे पसरलाय का ते बघणाऱ्या पेट-स्कॅनचंही तेच. लहान गाठ, काख मोकळी, बाकी काही त्रास नाही, अशांना तो बहुधा लागत नाही. पण एकट्या डॉक्टरला ‘नको’ म्हणायचं धाडस होत नाही, चौघांत होतं. त्या एका ‘नको’ने एक फेरी आणि बरेच पैसे वाचतात.

आता उलटी बाजू. आठवड्यातून एकदा बसणारं क्लिनिक हे स्वतःच एक फाटक आहे. क्लिनिक बुधवारी, रिपोर्ट गुरुवारी आला, तर सहा दिवस गेले. त्यात एक कागद कमी निघाला आणि ‘पुढच्या बुधवारी आणा’ म्हटलं की तेरा. आमच्याकडे पहिल्या वर्षी हे सर्रास व्हायचं, आणि आम्ही मात्र एकत्र बसतो म्हणून स्वतःवर खूश होतो. मग दोन नियम केले. जी केस सरळ आहे, जिच्यात पाचही जण तेच सांगणार, तिचा उपचार क्लिनिकसाठी अडवायचा नाही; सुरू करायचा आणि बुधवारी नुसती नोंद मांडायची. आणि मंगळवारी दुपारी आमच्या सिस्टर सगळ्या फायली उघडून बघतात. ज्याचा कागद कमी, त्याच्या घरी तेव्हाच फोन. क्लिनिकचा खरा कणा त्या सिस्टर आहेत. मोठी पदवी असलेले आम्ही चौघे रजेवर गेलो तरी काम चालतं. त्या चतुर्थीला आठ दिवस गावी गेल्या की आमचं घोडं अडतं. टाटा मेमोरियलमध्ये हे काम शिकवतात आणि ते करणाऱ्यांना ‘केवट’, म्हणजे नावाडी, म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो.

काही आजार मात्र या क्लिनिकची वाट बघायचे नव्हेतच. तीव्र रक्ताचा कॅन्सर, मणक्यावर दाब येऊन पायातली शक्ती जाणं, छातीतल्या गाठीने चेहरा-मान सुजणं. यांना त्याच दिवशी बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं. बुधवार बिधवार काही नाही.

टाटाचा प्रश्न नाजूक आहे. गोव्यात प्रत्येक घरात कुणीतरी कोकणकन्येने रात्री निघून पहाटे दादरला उतरलेलं असतं, आणि परळच्या त्या इमारतीवर आपल्या लोकांचा जो विश्वास आहे तो 1941 पासून कमावलेला आहे. दुसरं मत घ्यायला माझी कधीच ना नसते. पण दोन गोष्टी सांभाळा. निघताना नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्स नेऊ नका; पॅथॉलॉजीतून स्लाइड आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या, सीटी-मॅमोग्राफीची सीडी घ्या. ब्लॉक नसला तर तिथे परत बायोप्सीची वेळ येते आणि पंधरवडा जातो. दुसरं, इथली तारीख रद्द करू नका. सहा महिने चालणारी केमो मुंबईत घ्यायची, तर कुणाला तरी नोकरी सोडून तिथे राहावं लागतं. अनेकदा उपचाराची आखणी तिकडून घ्यायची आणि औषध इथे घ्यायचं, हेच शहाणपणाचं ठरतं. 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातली केंद्रं एकमेकांशी जोडली गेलीत, अवघड केसवर ऑनलाइन चर्चा होते. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा की ही केस तिथे मांडता येईल का. यात त्यांचा अपमान नाही.

पैशाचं लवकर बघा. 2016 मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चौघे किंवा जास्त असतील तर चार लाखांचं संरक्षण आहे. पण कार्ड चालू हवं. मुदत संपलेली असते आणि ते कळतं नेमकं सलाईन लावायच्या आदल्या दिवशी. मावशी सावंतवाडी-दोडामार्गकडच्या असतील तर त्यांची योजना महाराष्ट्राची, कागद वेगळे. ते पहिल्याच भेटीत सांगा.

आणि घरात दोन बोलणी होतील. पहिलं, सुई लावली की कॅन्सर पसरतो. नाही पसरत. ट्रू-कटशिवाय उपचाराची दिशाच ठरत नाही. दुसरं, देवाचा कौल. मी स्वतः घेते, त्यामुळे घेऊ नका म्हणणार नाही. फक्त उजवा कौल मिळेपर्यंत बायोप्सी थांबवायची नाही. दोन्ही एकाच आठवड्यात बसतं.

तर मावशींचं. ‘संशयास्पद’ या शब्दावर ना ऑपरेशन ठरतं, ना केमो. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत, कारण दोघांच्या हातात अर्धीच माहिती आहे. आधी ट्रू-कट आणि त्यावर इआर, पीआर, हर-टू या तिन्ही तपासण्या, आणि त्या क्लिनिकमध्ये जायच्या आधीच. फोन करून विचारा: तुमच्याकडे रुग्णाला समोर बसवतात की नुसती फाईल बघतात, आणि ठरलेली तारीख त्याच दिवशी लिहून देतात का? दुसऱ्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं तर आणखी एका ठिकाणी फोन करा. घरात एकाच माणसाने फाईल सांभाळावी. डिचोलीची काकी एक रिपोर्ट घेऊन आणि म्हापशाचा भाऊ दुसरा घेऊन, असं नको. वहीच्या पहिल्या पानावर तारखा लिहीत चला: काय झालं, कधी झालं, पुढचं काय. डॉक्टर ती वही तुमच्या फायलीआधी वाचतील, मी तरी वाचते.

येताना मावशींना उपाशी आणू नका, ट्रू-कटला जागेपुरती भूल पुरते, नाश्ता करून याव्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशीच फोनवर सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. पुढून बटणं असलेला सैल ब्लाऊज किंवा कुर्ता घालायला सांगा. बायोप्सीनंतर त्या जागेवर दहा मिनिटं दाबून धरावं लागतं आणि हात वर करून कपडे काढणं त्या दिवशी दुखतं.